मदत हवी आहे: नकाशा दिसतोय, पिना गायब. सोमवारी सहल आहे!

प्रज्ञा_सोलापूर:
सकाळपासून बसलेय. नकाशा उघडतो, सोलापूर दिसतं, पण एकही पिन नाही. परवा भाच्याकडे चालत होतं. शीट पुन्हा पब्लिश केली, ब्राउझर बदलला, मोबाईलवर बघितलं, तेच. आठवीची ४५ मुलं सोमवारी निघणार आहेत आणि सगळा उपक्रम याच नकाशावर बेतलाय. काय चुकतंय ते कुणीतरी लवकर सांगा.

धनंजय७२:
सर, नकाशा गुगलचा की ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला फुकटचा? शीट कसली? पान कुणी बनवलंय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

प्रज्ञा_सोलापूर:
सर नाही, मॅडम. गुगल शीट आहे. ठिकाणाचं नाव, जागा, फोटोची लिंक आणि चार ओळी माहिती. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) करून वेबवर पब्लिश केलीय. भाच्याने लिहिलेलं पान ती वाचतं आणि ओपनस्ट्रीटमॅपवर पिना टाकतं. गुगलचा नकाशा आपल्या पानात घ्यायचा तर बिलिंगसाठी कार्ड मागतात, म्हणून तो सोडला.

वेळापूरकर:
मॅडम, कोडच्या नादाला लागूच नका. गुगल माय मॅप्समध्ये शीट इम्पोर्ट करा, पाच मिनिटांचं काम आहे. एका लेयरला २००० ओळी चालतात, कार्डबिर्ड काही लागत नाही. आमच्या भजनी मंडळाच्या वारीचे सगळे मुक्काम मी तसेच टाकलेत.

लीना_के:
पण शीटमध्ये नंतर काही बदललं की माय मॅप्समध्ये ते आपोआप येत नाही, पुन्हा इम्पोर्ट करावं लागतं. त्यापेक्षा यूमॅप घ्या, ओपनस्ट्रीटमॅपवर आपला नकाशा बनवायची साइट. त्यात शीटची लिंक देता येते, मुलांनी वाटेत ओळ भरली तरी पिन येते.

वेळापूरकर:
यूमॅप फ्रेंच लोकांचं आहे, उद्या बंद पडलं तर?

लीना_के:
ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, दुसऱ्या सर्व्हरवरही चालवता येतं. माय मॅप्सचं तसं आहे का?

जुनापाना:
बंद पडण्यावरून आठवलं. अशा जोडकामाला तेव्हा आम्ही मॅशप म्हणायचो. २००५ साली पॉल रेडमाकरने क्रेगलिस्ट या अमेरिकी साइटवरच्या घरांच्या जाहिराती गुगल मॅपवर चढवल्या आणि सगळीकडे तेच सुरू झालं. मग २००७ ला याहू पाइप्स आलं. खोके तारांनी जोडायचे, एका बाजूने बातम्या आत, दुसऱ्या बाजूने गाळून बाहेर. मी त्यावर रोज फक्त सोलापूरच्या बातम्या वेचायचो. २०१५ ला ते बंद झालं आणि माझं सगळं जोडकाम गेलं. म्हणून मॅडम, शीटची एक प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवाच.

माळरान:
सहलीत नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे का? असेल तर पहाटेच पोचा. माळढोक दिसेलच असं नाही, काळवीट मात्र भरपूर. मुलांना भडक रंगाचे शर्ट नकोत.

प्रज्ञा_सोलापूर:
नान्नज आहे, पण माझा प्रश्न पिनांचा आहे हो!

धनंजय७२:
मॅडम, नकाशा पूर्ण लहान करा, अख्खं जग दिसेपर्यंत. मग नॉर्वेच्या वर बघा.

प्रज्ञा_सोलापूर:
अगं बाई. स्वालबार्डच्या खाली समुद्रात सहा पिना एकावर एक! भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, कोटणीस स्मारक, सगळं तिथे!

धनंजय७२:
अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. सोलापूर अक्षांश १७.६७, रेखांश ७५.९१ च्या आसपास. गुगल मॅपवरून कॉपी केलं की अक्षांश आधी येतो. जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या जागा संगणकासाठी लिहायच्या पद्धतीत, मात्र रेखांश आधी लिहायचा असतो. भाच्याने रेखांश आधी धरून दोन-तीन ठिकाणं तपासली असणार, म्हणून त्याच्याकडे चाललं. शीटमधले दोन रकाने अदलाबदल करा. पब्लिश केलेली शीट ताजी व्हायला पाच-एक मिनिटं लागतात, घाबरू नका.

प्रज्ञा_सोलापूर:
केलं. सहा पिना सोलापुरात आल्या, देवाची कृपा! पण ठिकाणं २३ आहेत, बाकीची कुठेच नाहीत, नॉर्वेतही नाहीत.

धनंजय७२:
एफ१२ दाबून कन्सोल उघडा. लाल अक्षरांत काय आहे?

प्रज्ञा_सोलापूर:
इनव्हॅलिड लॅटलंग ऑब्जेक्ट, मग कंसात नॅन, नॅन.

लीना_के:
सहाच पिना आल्या म्हणजे सातव्या ओळीवर अडलंय. ती कुणी भरलीय? आकडे मराठी कीबोर्डवरून टाकलेत का?

प्रज्ञा_सोलापूर:
हो, तिथून पुढच्या आमच्या इतिहासाच्या सरांनी भरल्यात. मराठी आकडे आहेत.

लीना_के:
हेच कारण. नॅन म्हणजे ‘संख्या नाही’. पान ज्या भाषेत लिहिलंय ती जावास्क्रिप्ट देवनागरी आकडे संख्या म्हणून वाचत नाही. पानातला नकाशा दाखवणारा कोड, लीफलेट, त्याला एक जागा वाचता आली नाही की तो तिथेच थांबतो, पुढच्या चांगल्या ओळीही राहतात. त्या दोन रकान्यांत इंग्रजी आकडे घाला, माहिती मराठीतच राहू द्या.

दत्तनगर:
मध्येच विचारतो. चार हुतात्म्यांची पिन सोलापुरात का? धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. मुलांना चुकीचं कळू नये.

प्रज्ञा_सोलापूर:
ती पुतळ्याची पिन आहे, पण तुमचं बरोबर आहे. माहितीत येरवडा लिहिलंच नव्हतं, आता घातलं. मे १९३० चा मार्शल लॉ मुलांनी त्या चौकात उभं राहून वाचावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.
आकडे बदलले, २३ पिना आल्या. धनंजय सर, लीनाताई, मनापासून आभार. फक्त हत्तरसंग कुडलची पिन भीमेच्या पात्रात पडलीय. मुलांना नेमकं शके ९४० च्या मराठी शिलालेखाशी उभं करायचंय.

माळरान:
माझं गाव तिकडेच आहे. उद्या सकाळी लेखापाशी उभा राहून मोबाईलवर जागा घेतो आणि इथे टाकतो. इंग्रजी आकड्यांत.