सरकारी प्रकल्पाच्या सर्व्हरवर कंपायलर नको, ही अट कितपत रास्त?

पाटोकर, पणजी

नमस्कार. पाटोतील आमच्या आठ जणांच्या कंपनीने एका सरकारी खात्यासाठी ऑनलाइन अर्ज स्वीकारणारी प्रणाली तयार केली असून तिच्या सुरक्षा-ऑडिटमध्ये तीन आक्षेप आले आहेत. प्रत्यक्ष वापरातल्या (प्रॉडक्शन) सर्व्हरवरून जीसीसी हा कंपायलर, म्हणजे सोर्सकोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन, आणि ते काम क्रमाने करून घेणारे मेक काढून टाकावेत, हा पहिला. ‘मान्यताप्राप्त’ कंपायलरच वापरावा, हा दुसरा. पण मान्यताप्राप्त म्हणजे कोणता, याची यादी कोठेही जोडलेली नाही. तिसरा आक्षेप स्कॅन केलेली कागदपत्रे तपासणाऱ्या आमच्या छोट्या मॉड्यूलवर आहे, कारण ते सी भाषेत लिहिलेले आहे. काल रात्री चाचणी-सर्व्हरवरून जीसीसी काढून पाहिला, तेव्हा पोस्टग्रेस या डेटाबेसशी पायथन जोडणारा ड्रायव्हर बसेना. चवथीपूर्वी काम सोपवायचे आहे. या अटींना तांत्रिक आधार आहे, की केवळ रकाने भरण्याचा हा प्रकार आहे?

म्हापशाचा अ‍ॅडमिन

पहिली अट रास्त आहे. ती मान्य करून मोकळे व्हा. कमी अधिकारांच्या खात्यातून आत शिरलेल्या हल्लेखोराला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, व्हायचे असते आणि त्यासाठीचे एक्स्प्लॉइट (त्रुटीचा फायदा घेणारा प्रोग्राम) बरेचदा सी-कोडच्या रूपात मिळते, जे त्याच यंत्रावर कंपाइल केले की तेथील कर्नलशी (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी) आणि लायब्ररींशी जुळते. अर्थात, तो आधीच कंपाइल केलेली बायनरी बरोबर आणू शकतो आणि तुमच्या सर्व्हरवर पायथन आहेच, त्यामुळे या अटीने वाट बंद होत नाही, एक पायरी तेवढी वाढते.

ड्रायव्हरसाठी त्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या त्याच आवृत्तीचे वेगळे बिल्ड-यंत्र ठेवा, तेथे व्हील फाइल (पायथनचे आधीच कंपाइल केलेले पॅकेज) तयार करा आणि सर्व्हरवर तीच बसवा. आयती बायनरी आवृत्ती प्रॉडक्शनमध्ये वापरू नका, असे त्या ड्रायव्हरचे निर्मातेच सांगतात. जीसीसीबरोबर लिबपीक्यूची, म्हणजे पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या लायब्ररीची, फक्त कंपाइल करताना लागणारी डेव्ह-पॅकेजही काढता येईल. मूळ लिबपीक्यू मात्र राहू द्या, नाहीतर ड्रायव्हर बसेल आणि इम्पोर्ट करतानाच कोसळेल.

फोंड्याहून एक शिक्षक

दुसऱ्या आक्षेपामागची भीती जुनी आणि खरी आहे. युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवून दिले होते की, लॉगिन प्रोग्राम ओळखून त्यात चोरवाट घालणारा आणि स्वतःच्या पुढच्या आवृत्तीतही तीच खोड उतरवणारा कंपायलर बनवता येतो, आणि त्याचा सोर्सकोड कितीही वाचला तरी त्यात काही सापडत नाही. २०१५ मध्ये अधिकृत डाउनलोड संथ असल्याने चीनमधील अनेकांनी फाइल-शेअरिंग सेवेवरून एक्सकोड हे अ‍ॅपलचे अ‍ॅप बनवण्याचे साधन घेतले आणि त्यातील छेडछाडीमुळे त्यांची अ‍ॅप्स त्यांच्या नकळत बाधित झाली.

मात्र प्रामाणिक कंपायलरही घात करतो. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या टन (आभासी नेटवर्कच्या) ड्रायव्हरमध्ये मेमरीतील पत्ता ठेवणारा पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल, म्हणजे रिकामा, आहे का, हे नंतर तपासले होते. वापरला त्या अर्थी तो नल नसणारच, असे गृहीत धरून जीसीसीने ती तपासणीच उडवून टाकली. चूक कोडची होती, पण ती सुरक्षेचे भगदाड झाली कंपायलरच्या नियमाप्रमाणे केलेल्या कामामुळे. म्हणून नावांची यादी मला कुचकामी वाटते. कंपायलर कोठून घेतला, त्याची डिजिटल स्वाक्षरी पडताळली का, कोणती आवृत्ती आणि कोणते पर्याय वापरले, हे लेखी द्या आणि यादी हवीच असेल तर ती ऑडिटरकडूनच मागा.

मडगावकर

तिसऱ्या आक्षेपाबद्दल थोडेसे. सीवर बंदी आहे, असा अर्थ काढू नका. अमेरिकेची सायबरसुरक्षा संस्था सिसा आणि एफबीआय यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनातही सीसारख्या, मेमरीच्या चुका न रोखणाऱ्या भाषांतील विद्यमान उत्पादनांसाठी १ जानेवारी २०२६ पर्यंत सुधारणेचा आराखडा प्रसिद्ध करावा, एवढीच अपेक्षा होती. एकच भाषा लादण्याचा प्रयोग अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अ‍ॅडा या भाषेच्या बाबतीत केला होता. ती सक्ती १९९७ मध्ये मागे घ्यावी लागली. तुमचे मॉड्यूल बाहेरून आलेल्या फाइली वाचते, म्हणजे धोका नेमका तेथेच आहे. ते वेगळ्या, कमी अधिकारांच्या प्रोसेसमध्ये चालवा आणि रस्ट या मेमरीच्या चुका रोखणाऱ्या भाषेत कधी नेणार, ते तारखेसह लिहा.

पाटोकर, पणजी

सर्वांचे आभार. व्हील बसले. लिबपीक्यू मीही उत्साहाच्या भरात काढलेच होते, ते परत घातले. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आवृत्ती आणि पर्यायांसह आज पाठवले असून यादीही मागितली आहे.