मदत हवी आहे: पद्मिनीचा नवा टेलपाईप मागच्या ॲक्सलला आपटतोय

नमस्कार मंडळी,

घरी १९८५ ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी नवीकोरी घेतलेली, आणि अजूनही आठवड्यातून एकदा सांगली-मिरज फेरी होतेच. दोन महिन्यांपूर्वी सायलेन्सरच्या मागचा पाईप गंजून पार चाळण झाला, हाताने दाबला तर पापुद्रे निघायचे, आणि मागच्या सीटवर धुराचा वास यायला लागला तेव्हा म्हटलं आता हे पुढे ढकलायचं नाही. धुराचा वास तरी येतो हो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वासच नसतो, आणि मागे बाबा बसतात.

नवा पाईप पुण्याला नाना पेठेतून आणला. दुकानदार म्हणाले पद्मिनीचाच आहे, डोळे झाकून बसवा. जुना काढण्यातच अख्खा रविवार गेला. क्लॅम्पचे नट इतके जाम की आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवलं तरी एक हलेना, शेवटी दोन्ही बोल्ट करवतीने कापले. सायलेन्सरच्या तोंडात अडकलेला तुकडा ओढून निघत नव्हता, मग नुसतं करवतीचं पान हातात धरून त्याला आतून लांबीत खाच पाडली, छिन्नीने कड आत दुमडली तेव्हा सुटला. सायलेन्सरचं तोंड मात्र वाचलं.

नवा बसवताना गाडी मागून उचलून बॉडीखाली दोन घोड्या (जॅक स्टँड) लावल्या होत्या. ॲक्सलवरून जाणारी पाईपची कमान आणि ॲक्सल यांच्यात चांगली चार बोटं जागा दिसली म्हणून क्लॅम्प आवळून टाकले. आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला टण्ण! मागे दोन माणसं बसली की साध्या खड्ड्यातही आवाज येतो. खाली वाकून बघितलं तर ॲक्सलच्या नळीवर रंग उडून बोटभर लांबीचा चकचकीत ओरखडा पडलाय.

दुसरा त्रास जोडाचा. पाईपचा बाहेरचा व्यास ३५ मिली आणि सायलेन्सरच्या तोंडाचा आतला ३८, त्यामुळे कितीही आवळलं तरी फुसफुस चालूच.

इथला वेल्डिंगवाला म्हणतोय कमान कापून पाईप सरळ ॲक्सलच्या खालून काढू. मला ते अजिबात पटत नाहीये, पण दुसरा उपाय पण सुचत नाहीये. पाईप परत करू की वळण बदलून घेऊ? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

दादा, ॲक्सलखालून अजिबात काढू नका, आपल्या रस्त्यांवर पहिल्या उंच स्पीडब्रेकरला पाईप घासून उपटून येईल.

तुमची चूक फक्त माप घेण्यात झालीय. घोड्या बॉडीखाली लावल्या की ॲक्सल पाट्यांसकट (लीफ स्प्रिंगांसकट) खाली लोंबतो, म्हणून चार बोटं दिसली. चाकं जमिनीवर टेकली की तोच ॲक्सल वर येतो आणि खड्ड्यात अजून वर जातो. माप घ्यायचं तर मागची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवा किंवा घोड्या ॲक्सलखाली लावा, म्हणजे वजन पाट्यांवर राहील. गाडी घोडीवर नीट बसली नसेल तर खाली शिरू नका, आणि पुढच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून पाचर) लावाच.

दुसरं, पाटे तपासा. इतक्या वर्षांत पाटे बसतात, गाडी मागून खाली येते, तेवढी जागा गेलीच. आणि ॲक्सल वर आला की बॉडीला आपटू नये म्हणून दोन्ही बाजूंना जाड रबरी ठोकळे असतात, ते जागेवर आहेत का बघा. ते झिजले किंवा पडले असले की ॲक्सल हवा तेवढा वर जातो आणि मग ओरिजिनल पाईप लावला तरी आपटेल.

प्रतिसाद २

वरच्या दादांनी मापाचं बरोबर सांगितलंय. मी जोडाबद्दल लिहितो.

३ मिलीचा फरक यू क्लॅम्प आवळून बंद होत नाही, पाईप चेपतो आणि फट उलट वाढते. लेथवाल्याकडून दीड मिली जाडीचा बुश करून घ्या, आतून ३५ बाहेरून ३८, पाईप निदान ४० मिली आत गेला पाहिजे. एक्झॉस्टची पेस्ट शेवटची बारीक गळती थांबवायला ठीक, फट भरायला नाही.

कमान वाढवायची तर कोल्हापूरला उद्यमनगरात घेऊन जा, जुना पाईप नमुना म्हणून सोबत ठेवा. वाळू भरून गरम करून वाकवणार असतील तर वाळू कोरडीच हवी, ओलसर वाळूत वाफ धरली तर पाईपचं तोंड बंद केलेला बूच उडतो. आणि वेल्डिंग काहीही असलं तरी पाईप गाडीवरून काढूनच करा, पेट्रोलची टाकी मागेच आहे.

बसवताना सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा, पाईप फिरवून चहूबाजूंनी जागा बघा, मग पुढून मागे आवळत या. मागचं टांगणं रबराचंच हवं, लोखंडी पट्टीने घट्ट बांधलं तर इंजिन हललं की सगळा ताण सायलेन्सरच्या जोडावर येतो आणि तिथेच तडा जातो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रविवारी ठोकळ्यांवर चढवून माप घेतलं, चार बोटांचं जेमतेम एक बोट राहिलं! डावीकडचा रबरी ठोकळा नव्हताच, नुसतं गंजलेलं भोक होतं, आणि ओरखडा पण डावीकडेच. दोन्ही बाजूंचे रबर नवे टाकले. उद्यमनगरात कमान साधारण २५ मिली वर घेतली, जुना पाईप शेजारी ठेवून. बुश केला. पाईपच्या तोंडावर चिंधी दाबून इंजिन चालू ठेवलं आणि जोडाजवळ हात फिरवला, कुठेच हवा लागली नाही.

काल मागे बाबा आणि काका बसवून मिरजेला जाऊन आलो. एकदाही टण्ण झालं नाही, आणि धुराचा वासही नाही. पाटे खरंच बसलेत पण, उजव्यापेक्षा डावी बाजू जरा जास्तच खाली आहे. पाट्यांचं काम चांगलं करणारा सांगली-कोल्हापूरकडचा कुणी मिस्त्री माहीत असेल तर मला मेसेज करा.