उजनीची चिलापी आणि ‘विषारी’ माशाचा निवाडा

पाणीपारखी:
“उजनीचा मासा म्हणजे ताटात वाढलेले शिसे, चिलापीला (तिलापिया माशाला) तर कोणी हातच लावू नये,” असे काल एका सदस्याने येथे बजावले आणि बहुतेकांनी शहानिशा न करता माना डोलावल्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व तेथून उजनी धरणात उतरते, याबद्दल वादच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात होते. माझा आक्षेप सगळे धातू आणि सगळे मासे एकाच पोत्यात कोंबण्याला आहे. शिसे प्रामुख्याने हाडे, कल्ले आणि खवल्यांत साठते, तर कॅडमियम यकृत आणि मूत्रपिंडात. यातले बहुतेक भाग मासा साफ करतानाच आपण टाकून देतो. मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचे सेंद्रिय रूप, मात्र मांसातील प्रथिनांना धरून बसतो, धुऊन किंवा शिजवून जात नाही, आणि मोठ्या माशाने लहान मासा खाल्ला की प्रत्येक टप्प्यावर वाढत जातो. म्हणूनच तो मरळ आणि शिंगाळा यांसारख्या शिकारी माशांत अधिक सापडण्याचा संभव असतो. शेवाळ आणि कुजका पाला खाऊन झटपट वाढणारी चिलापी पाऱ्याच्या बाबतीत त्या मानाने बरी. ज्या माशाला आपण नाक मुरडतो, त्याच्यावरच नेमका हा आरोप आला आहे.

भीमाकाठ:
असे संदेश फिरले की दुसऱ्या दिवशी भिगवणच्या बाजारात आमच्या मालाचा भाव पडतो. आमची जमीन या धरणाखाली गेली, म्हणून वडिलांनी नांगर सोडून पाग, म्हणजे फेकजाळे, हाती घेतला. घाण शहराने सोडायची आणि मासा मात्र आमचा विषारी ठरायचा, हा कुठला न्याय? याच धरणाचे पाणी सोलापूर पिते. त्याविषयी आपल्यापैकी कोणी चकार शब्द काढत नाही.

खडसप्रेमी:
चिलापीची वकिली वाचून वाईट वाटले. हा आफ्रिकेचा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि पुढे तळ्याधरणांतून पसरत त्याने स्थानिक माशांच्या जागा बळकावल्या. उजनीच्या जाळ्यांत आज दुसरे येते तरी काय? कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या याच मुळा-मुठेतील खडशीचे, म्हणजे येथल्या महसीर माशाचे, शास्त्रीय वर्णन केले होते. ती खडस आज तेथे कोणी दाखवून द्यावी. धातूंची मोजदाद नंतर करा.

भीमाकाठ:
मग रोहू आणि कटला तरी कुठे भीमेचे आहेत, साहेब? तेही गंगेच्या खोऱ्यातले. सरकारनेच त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, धरणांत सोडली. दुष्काळी वर्षात आमच्या घरची चूल चिलापीने पेटती ठेवली, खडशीने नव्हे.

खडसप्रेमी:
चूल पेटली म्हणून नदीचा नाश क्षम्य ठरत नाही. रोहू-कटल्याबद्दलचा मुद्दा मान्य. त्यांच्यावरही माझा राग आहेच, तो आजवर कोणी विचारला नव्हता.

गाळेवाला:
माशांची वंशावळ लावून झाली असेल, तर धातू येतो कुठून ते पाहू. मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, धंद्यात वर्षे काढली आहेत. शेजारच्या गाळ्यातले क्रोमियमचे पाणी पहिल्या पावसात नाल्यात सोडले जाताना मी पाहिले आहे, आणि तक्रार केली तेव्हा शत्रुत्व माझ्याच वाट्याला आले. सांडपाणी प्रकल्प वाढवले म्हणजे प्रश्न मिटला, असे समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ते प्रकल्प मुख्यतः सेंद्रिय घाणीसाठी असतात. धातू नाहीसा होत नाही. बराचसा मैल्याच्या गाळात बसतो आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला की भाजीत उतरण्याची वाट मोकळी होते. धातू गाळ्याच्या दारातच अडवला पाहिजे.

दोन_लेकरांची_आई:
पाणीपारखी, आपले विवेचन पुरुषाच्या ताटापुरते आहे. आमच्याकडे डोक्याचे कालवण कोणी टाकत नाही, झिंगे अख्खेच शिजतात आणि खेकड्याचा पिवळा गाभा मुलांना आवडीने दिला जातो. कॅडमियम तर त्याच गाभ्यात साठते. शिशाची सुरक्षित पातळी ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. गरोदर बाईला आपण “चिलापी त्या मानाने बरी” एवढ्यावर समजावणार का?

पाणीपारखी:
झिंगे आणि खेकड्यांविषयी आपले म्हणणे बिनतोड आहे, आणि ते ऐकून घेण्यासाठी इतके खडसावले जाणे बहुधा आवश्यक होते. तरीही “मासाच नको” हे उत्तर होत नाही. युरोपीय संघ माशाच्या मांसात शिशासाठी किलोमागे ०.३० मिलिग्रॅम आणि बहुतेक जातींत कॅडमियमसाठी ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा पाळतो. उजनीत जातीनुसार, अवयवानुसार, आणि उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर वेगवेगळी तपासणी करून आकडे जाहीर झाले पाहिजेत. मेलेले मासे काठाला लागले की धातूंवर बोट ठेवले जाते. ते बहुधा पाण्यातला प्राणवायू संपल्याने मेलेले असतात.

भीमाकाठ:
नमुने मी देतो, हवे तितके. अट एकच: अहवाल आधी आमच्या मच्छीमार संस्थेच्या फळ्यावर लागावा, व्हॉट्सॲपवर नंतर.

खडसप्रेमी:
अहवालात चिलापी निर्दोष ठरली, तरी ती परकीच राहील, एवढी नोंद असू द्यावी.