उन्हाळ्यात मुलाला उलट्या होतात तेव्हा : पालकांचे अनुभव

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत लहान मुलांच्या पोटाच्या तक्रारीही वाढतात. मुलाच्या शरीरातील पाणी टिकवणे आणि त्याला काहिलीपासून वाचवणे ही दोन्ही कामे तेव्हा एकाच वेळी करावी लागतात आणि घरातील माणसे गोंधळून जातात. औषधांची नावे येथे नकोत, ती डॉक्टरांनीच ठरवावीत. तुम्ही काय दिले, किती आणि कसे दिले, काय चुकले आणि दवाखान्यात कधी धावलात, एवढे मात्र सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे. सुरुवात मीच करते.

माझा मुलगा तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता आणि त्याचे वजन अकरा किलो होते. नवतपा, म्हणजे मेअखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. सकाळी नऊला पहिली उलटी झाली आणि दुपारी बारापर्यंत सहा झाल्या. प्रत्येक उलटीनंतर तो पेल्याकडे हात करी, आणि तहानेने व्याकूळ झालेल्या लेकराला नाही कसे म्हणावे, म्हणून मी त्याला हवे तेवढे पाणी देत गेले. पाच मिनिटांत ते सारे बाहेर येई. अखेर डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितले की, आधीच चिडलेले पोट एकदम भरले की ते पुन्हा उलटते. म्हणून उलटीनंतर दहा मिनिटे काहीही देऊ नका आणि मग जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, पाणी दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, एवढेच द्या. एका चमच्याने काय होणार, असे मला वाटले. त्यांनी फोनवरच हिशेब मांडला. छोटा चमचा पाच मिलिलिटरचा. तासाला तीस चमचे म्हणजे दीडशे मिलिलिटर, म्हणजे मोठी वाटीभर पाणी, आणि तेही पोटात राहिलेले. त्या हिशेबाने मला धीर आला.

पहिला अर्धा तास तो पेल्यासाठी आक्रोश करीत होता आणि सासूबाईंना ते पाहवेना, म्हणून त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. मी मोबाइलमध्ये दोन-दोन मिनिटांची घंटा लावली. मध्ये एकदा उलटी झाली, तेव्हा पुन्हा दहा मिनिटे थांबून पहिल्या चमच्यापासून सुरुवात केली. तासाभराने दोन चमचे, मग तीन, असे करीत चार वाजेपर्यंत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी पोटात टिकले होते आणि त्याने लघवी केली होती.

त्याच दिवशी बारा वाजता वीज गेली. आमची झोपण्याची खोली पत्र्याखालची आहे, म्हणून आम्ही त्याला खालच्या शहाबादी फरशीच्या खोलीत आणले. छतावरच्या टाकीचे पाणी दुपारी चटका देते, त्यामुळे रांजणातले पाणी घेतले. सासूबाईंनी जुने लुगडे भिजवून खिडकीला बांधले, त्याचे सगळे कपडे काढून फक्त लंगोट ठेवला आणि मान, काखा व जांघा ओल्या पंचाने पुसत हातपंख्याने वारा घातला. अंग पुसून कोरडे करायचे नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. ते ओले राहिले तरच पाणी उडून जाताना अंगातील उष्णता सोबत नेते. बर्फाचे पाणी आम्ही वापरले नाही. त्याने मूल कुडकुडते आणि थरथरल्याने अंगात उष्णता आणखी तयार होते.

वसईहून एक आई

अकोल्याच्या ताईंनी ओल्या लुगड्याचा उपाय सांगितला आहे, तो कोरड्या हवेचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ३४-३५ वरच असतो, पण हवेत एवढी वाफ असते की दोरीवरचे कपडेही लवकर वाळत नाहीत. माझ्या चार वर्षांच्या मुलीला उलट्या होत होत्या तेव्हा मी नागपूरकडील नणंदेच्या सांगण्यावरून खोलीत कूलर लावला आणि खिडकीवर ओली चादर टांगली. खोली आणखी दमट झाली, तिचा घाम अंगावरच राहिला आणि ती अधिकच बेचैन झाली. चादर काढून समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, पंखा थेट तिच्या अंगावर घेतला आणि दर दहा मिनिटांनी अंग पुसले, तेव्हा तिला झोप लागली. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी वारा खेळता ठेवण्यावर भर द्यावा, असे माझे मत झाले आहे.

परभणीहून एक आजी

माझी चूक मी लिहिते, कारण ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये. नातू तीन वर्षांचा, उलट्या आणि जुलाब दोन्ही सुरू होते. आशाताईंनी जलसंजीवनीची पाकिटे दिली होती. ते मोठे पाकीट एक लिटर पाण्याचे असते, पण एवढे पाणी मूल कुठे पिणार, असा विचार करून मी अख्खे पाकीट एका पेल्यात कालवले आणि चमच्याने पाजत राहिले. संध्याकाळी त्याची तहान भयंकर वाढली, तो चिडचिड करू लागला आणि कोणाला अंगाला हात लावू देईना. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा त्यातील मिठाचे प्रमाण फार वाढलेले आढळले आणि दोन दिवस त्याला तेथेच ठेवावे लागले. औषध वाटावे असे ते पाणी मीच त्याला विषासारखे दिले, ही टोचणी अजून आहे.

आता आमच्या घरी लिटरच्या बाटलीवर नेलपॉलिशने रेघ मारलेली आहे. पाकीट पूर्ण फोडायचे, रेघेपर्यंत उकळून गार केलेले पाणी भरायचे, त्यात साखर, लिंबू, दूध काही घालायचे नाही आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे. दोनशे मिलिलिटरची छोटी पाकिटेही दुकानात मिळतात. म्हणून पाकिटावर किती पाणी लिहिले आहे, ते मोठ्या अक्षरांत वाचून दाखवायला मी सुनेला सांगते.

पुण्याहून एक बाबा

आजींनी लिहिलेल्या चुकीच्या शेजारीच माझी चूक आहे. औषधाच्या दुकानात घाईने मागितल्यावर मला फळांच्या चवीचे तयार पेय मिळाले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ओआरएस असे लिहिलेले होते, म्हणून मी निश्चिंत होतो. मुलीने ते आवडीने प्यायले, आणि उलट्यांसोबत असलेले जुलाब मात्र वाढले. त्यात साखर फार असते आणि अशी दाट साखर आतड्यात गेली की शरीरातील पाणी उलट आतड्यात खेचले जाते, हे बालरोगतज्ज्ञांनी नंतर समजावले. खऱ्या द्रावणात लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर महिलेने त्यासाठी आठ वर्षे पाठपुरावा केला होता. त्यांचे उपकार फार मोठे आहेत. तरीही घाईच्या वेळी पाकिटावरील घटक वाचण्याची सवय मी सोडलेली नाही.

चंद्रपूरहून एक आई

माझे बाळ चार महिन्यांचे होते. त्याने दोन-तीन वेळा मोठ्या उलट्या केल्या तेव्हा दूध बंद करून साधे पाणी पाजावे, असा सल्ला घरातून आणि शेजारून मिळाला. डॉक्टरांनी त्याच्या नेमके उलट सांगितले: अंगावरचे दूध थांबवू नका, एका वेळी पाच-सात मिनिटेच पाजा, पण वारंवार पाजा, एवढ्या लहान बाळाला साधे पाणी अधिक दिले तर रक्तातील मीठ पातळ होऊन झटके येऊ शकतात. टाळू खोल गेली आहे का हे बाळ शांत असताना आणि उभे धरून पाहा, आणि दिवसातून किती लंगोट ओले झाले ते मोजा, असेही ते म्हणाले. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बाळंतिणीला आणि बाळाला दुपट्यात गुंडाळून ठेवण्याची चाल आजही आहे. ती त्या दिवसांत मोडावी लागली, आणि ती मोडताना माझी आई माझ्या बाजूने उभी राहिली.

सोलापूरहून एक आई

येथील सर्व अनुभव वाचून मला एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. माझा मुलगा सात वर्षांचा होता. एप्रिलपासून तो सारखे पाणी पीत होता, रात्री दोन-तीनदा लघवीला उठत होता, आणि कित्येक वर्षांनी अंथरूणही ओले करू लागला होता. ऊन आहे, पाणी जास्त लागणारच, असे आम्ही सारे म्हणत होतो. तो वाळलाही होता. तेही उन्हामुळेच, अशी आमची समजूत होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोट दुखून उलट्या सुरू झाल्या, तेव्हा ऊन लागले असे धरून मी लिंबाचे सरबत आणि ग्लुकोजची पूड कालवलेले पाणी दिवसभर दिले. रात्री त्याचा श्वास खोल आणि भराभर चालू लागला आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला.

दवाखान्यातील परिचारिकेने एकच प्रश्न विचारला की, लघवी किती होते आहे. मी म्हटले, भरपूर होते आहे, म्हणजे अंगात पाणी आहे ना? त्यांनी लगेच बोटाला टोचून साखर तपासली आणि ती चारशेच्या वर निघाली. त्याला टाइप १ मधुमेह होता, आणि मी दिवसभर त्याला साखरच पाजत होते. तीन दिवस तो अतिदक्षता विभागात होता. आज तो बारा वर्षांचा आहे, इन्सुलिन स्वतः घेतो आणि क्रिकेट खेळतो. उलट्यांनी अंगातील पाणी कमी झालेल्या मुलाची लघवी कमी आणि गडद व्हायला हवी. मुलाची जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले आणि लघवी मात्र भरपूर, असे दिसले तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

यवतमाळ जिल्ह्यातून एक आरोग्यसेविका

मी सव्वीस वर्षे या कामात आहे. चमचा-चमचा पाण्याची महती सांगताना मला नेहमी १९७१ सालची आठवण द्यावीशी वाटते. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांना ते पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ग्लुकोज आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात एकत्र गेले की आतड्याची भिंत ते दोन्ही आत घेते आणि त्यांच्यामागे पाणी जाते, हे त्यामागचे तत्त्व आहे. म्हणून नुसते पाणी, नुसते साखरपाणी किंवा नारळपाणी त्याची जागा घेऊ शकत नाही. पाकीट नसेलच तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते फेकून नव्याने करावे. उलटी थांबली की पेज, मऊ भात, ताक द्यावे. मुलाला उपाशी ठेवू नये. जुलाबही असतील तर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या कराव्यात, कारण पाचव्या दिवशी मूल खेळू लागले की बहुतेक घरांत त्या डब्यात पडून राहतात.

उन्हाबाबत एक वेगळी सूचना करते. कापूस वेचणीच्या काळात नाही, पण तेंदूपानाच्या हंगामात आई-वडिलांबरोबर रानात गेलेली मुले मी पाहिली आहेत. अशाच एका मुलाला उलटी झाली, अंग भट्टीसारखे तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला. तापाची गोळी द्यावी का, असे वडिलांनी विचारले. उष्माघातात ती गोळी काम करत नाही आणि अर्धवट शुद्धीतल्या मुलाच्या तोंडात पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाते. आम्ही त्याला झाडाखाली आणून कपडे काढले, अंगावर घागरीने पाणी ओतले, दोघांनी टॉवेलने वारा घातला आणि १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत आणि तिच्यात बसल्यावरही पाणी मारणे थांबवले नाही. मूल बरे झाले. कुशीवर निजवायला मात्र विसरू नये, कारण पुन्हा उलटी होऊ शकते.

उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, मान ताठ वाटत असेल, झटका आला असेल, आठ तासांत लघवीच झाली नसेल, रडताना अश्रू येत नसतील, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी लगेच सपाट होत नसेल किंवा मूल हाक मारूनही डोळे उघडत नसेल, तर चमच्याचा हिशेब करत बसू नये. तेव्हा गाडी बोलवावी.

जळगावहून एक बाबा

मला रात्रीबद्दल लिहायचे आहे, कारण रात्रीचा विषय वर कोणी घेतलेला नाही. मुलगी सहा वर्षांची, दिवसभरात आठ उलट्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी उलटी थांबवणाऱ्या औषधाची एकच मात्रा वजन पाहून दिली, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने पाच मिलिलिटरच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला द्रावण सोडायला शिकवले. चमच्याला ती तोंड फिरवत होती, सिरिंजला मात्र तिने नाही म्हटले नाही. अकरा वाजता ती झोपली. उठवावे की झोपू द्यावे, हे मला समजेना. डॉक्टरांनी सांगितले होते की, श्वास शांत असेल आणि हाक मारल्यावर ती ओळख देत असेल तर गाढ झोप मोडू नका, पण दर दोन तासांनी तिला हलवून पाहा, ती ओठ चाटू लागली तर तेवढ्यात दोन सिरिंज द्या आणि शेवटची लघवी कधी झाली ते कागदावर लिहून ठेवा. तिची शेवटची लघवी संध्याकाळी साडेसातला झाली होती. आम्ही गच्चीवर बाज टाकली होती, कारण घराच्या भिंती रात्री दोनपर्यंत तापलेल्या होत्या. मी आणि पत्नी आळीपाळीने जागत होतो. एक वाजता दहा मिलिलिटर, तीन वाजता पंधरा, असे लिहीत गेलो आणि साडेतीनची वेळ उलटली की दवाखाना गाठायचा, असे ठरवून मोटारसायकलची किल्ली उशाशी ठेवली. तीन वाजून वीस मिनिटांनी ती स्वतःच उठली आणि तिने मोरीकडे बोट दाखवले.