मदत हवी आहे: जे काम येत नाही त्या ड्रॉइंगवर सही मागतायत

नमस्कार मंडळी,

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, नऊ वर्षं आरसीसी इमारतींचं डिझाइन करतोय. आता साहेबांनी एका कॉम्प्रेसरच्या फाउंडेशनचं ड्रॉइंग पुढ्यात ठेवलंय. "सॉफ्टवेअरने पास केलंय, तू फक्त सही कर." हे काम करणारे सीनियर नोकरी सोडून गेलेत.

मशीन १५०० आरपीएमचं, म्हणजे २५ हर्ट्झ. फाउंडेशनची नैसर्गिक वारंवारता (हलवून सोडलं तर ते सेकंदाला किती वेळा कंप पावेल) त्याच्या जवळ गेली की रेझोनन्स, म्हणजे कंपनं खूप वाढतात, एवढं कळतं. पण ती वारंवारता मातीच्या डायनॅमिक शिअर मोड्युलसवर, म्हणजे कंपनाखाली माती किती ताठ राहते त्यावर, अवलंबून असते, आणि इनपुट शीटवर त्या आकड्यासमोर पेन्सिलीने "गृहीत" लिहिलंय. मातीच्या रिपोर्टमध्ये तशी चाचणीच नाही. तो आकडा बरोबर की चूक, हे मला सांगता येत नाही. मग सही कसली करू?

१९८१ साली कॅन्सस सिटीत हयात रिजन्सी हॉटेलचे वॉकवे (छतापासून रॉडने टांगलेले पादचारी पूल) कोसळून ११४ माणसं गेली. एका सलग रॉडऐवजी दोन रॉड वापरल्याने जोडावरचा भार दुप्पट झाला होता, आणि तो बदल कुणी नीट तपासलाच नाही. ते डोक्यातून जात नाही.

तुमच्यापैकी कुणी असा नकार लेखी दिलाय का? शब्द कसे वापरले? दुसरं, डायनॅमिक, म्हणजे कंपनांचा, भाग तज्ज्ञाकडून करून घ्यायचा आणि मी फक्त काँक्रीट व सळईच्या डिझाइनपुरती सही करायची, तसं ड्रॉइंगवर स्पष्ट लिहून, हे योग्य ठरेल का? सोमवारी उत्तर द्यायचंय.