मदत हवी आहे: गाणी तोंडपाठ, खेळात धमाल, पण इंग्रजी वाक्य काही बोलत नाहीत

खडूफळा:
वर्गात 36 मुलं, वय नऊ-दहा, तास 35 मिनिटांचा. कृतिगीतं सगळ्यांची पाठ आहेत. खेळ असा: दोन गट करायचे, चित्र दाखवायचं, जो आधी नाव सांगेल त्याच्या गटाला गुण. ठरावीक पाच-सहा जणच ओरडतात. गाण्यात जे वाक्य घडाघडा येतं, तेच प्रश्नाच्या उत्तरात मात्र येत नाही. नुसतं ‘कॅट’ म्हणून मोकळे. काय बदलावं?

रेघोट्या:
तुमच्या खेळात ‘कॅट’ ओरडून गुण मिळतो, मग वाक्य कोण कशाला बोलेल? वाक्याशिवाय पुढे सरकताच येणार नाही असा खेळ घ्या.

चार-चार जणांचे नऊ गट करा. प्रत्येक गटाला 24 पत्ते: सहा चित्रं, प्रत्येकाच्या चार प्रती. प्रत्येकी पाच पत्ते वाटा, उरलेले चार मध्ये पालथे. ज्याची पाळी त्याने कुणाही एकाला विचारायचं, ‘डू यू हॅव अ कॅट?’ असेल तर ‘येस, आय डू’ म्हणून पत्ता द्यायचा, जोडी खाली मांडायची. नसेल तर ‘नो, आय डोन्ट’, आणि विचारणाऱ्याने मधला पत्ता उचलायचा. मधले संपले की पाळी पुढे. अर्धवट प्रश्नाला पत्ता द्यायचा नाही. हा नियम मुलंच इतक्या कडकपणे पाळतात की तुम्हाला बोलावं लागत नाही.

पत्ते जाड कागदाचे करा, पातळ कागदातून चित्र दिसतं आणि प्रश्नाची गरजच संपते. पहिल्या दिवशी ‘अ‍ॅपल’, ‘एग’ नकोत. ‘अ’ की ‘अ‍ॅन’ यातच मुलं अडकतात. नियम समजावत बसू नका, एका गटाला पुढे बसवून दोन फेऱ्या खेळून दाखवा. आणि दहा मिनिटांत थांबवा, कुणी जिंको न जिंको.

एकेकाला उभं करून 20 मिनिटं विचारलं तर प्रत्येकाला जेमतेम अर्धा मिनिट येतो. इथे दर चौथी पाळी आपली.

ठेका:
गाण्याचं दुखणं वेगळं आहे. चालीत वाक्याचा आघात, म्हणजे बोलताना शब्दावर येणारा जोर, सरकतो, जोर नसलेले दुबळे शब्द उगाच लांबतात, आणि मुलांच्या डोक्यात अख्खी ओळ एकच लांबलचक शब्द होऊन बसते. म्हणून गाणं झाल्यावर चाल काढून टाका. ‘व्हेअर्स द बॉल? इट्स अंडर द बॉक्स.’ टाळी फक्त ‘व्हेअर्स’, ‘बॉल’, ‘अंडर’मधला ‘अं’ आणि ‘बॉक्स’वर, बाकीचं दोन टाळ्यांच्या मधे बसवायचं. इंग्रजी शिकवणाऱ्या कॅरोलिन ग्रॅहम यांची ‘जॅझ चांट’ पद्धत बोलण्याच्या अशाच लयीवर उभी आहे.

ठेका बसला की चेंडू खुर्चीखाली ठेवा, मग टेबलावर. आता उत्तर बदलावंच लागतं. अर्धा वर्ग विचारेल, अर्धा सांगेल, मग जोड्या. ओळी फळ्यावर लिहायच्या त्या सगळ्यात शेवटी, नाहीतर मुलं स्पेलिंग वाचू लागतात आणि लय मोडते.

गाणं निवडताना एकच बघा: यातली ओळ कुणी बोलताना वापरेल का? बरीच जुनी बडबडगीतं इथेच बाद होतात.

पानफूल:
गप्प बसणाऱ्यांना लगेच बोलायला लावू नका, एवढी भर. मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांच्या ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ पद्धतीप्रमाणे आधी आज्ञा ऐकून कृती. पण सुरुवातीला करून दाखवल्यावर, आज्ञा देताना तुम्ही स्वतः ती कृती करू नका, मुलं कानाऐवजी डोळ्यांनी उत्तर देतात. दोन दिवसांनी ‘टच युवर नोज’ म्हणत स्वतःच्या कानाला हात लावा. कोण खरंच ऐकतंय ते लगेच कळतं. चुकलेल्याला ‘आउट’ करू नका. ज्याला सराव सगळ्यात जास्त हवा तोच आधी बाहेर बसतो.

खडूफळा:
नऊ गट एकदम म्हणजे गोंगाट. शिवाय भांडण आपल्याच भाषेत होणार, त्याचं काय?

रेघोट्या:
भांडू द्या. त्यासाठी दंड लावला तर मुलं इंग्रजीतही गप्प होतात. आधी ‘माय टर्न’, ‘युवर टर्न’, ‘वेट’, ‘शो मी’ एवढं पक्कं करून घ्या. थांबवायला हात वर करून उपयोग नाही, माना पत्त्यांत असतात. तुम्ही ठरावीक ठेक्यात टाळ्या वाजवायच्या, त्यांनी तशाच परत द्यायच्या आणि पत्ते पालथे ठेवायचे. सगळे गट थांबेपर्यंत पुढची सूचना देऊ नका.