कोल्हापूर ते हंपी, पल्सर १५०, आम्ही दोघं: पहिलीच लांबची ट्रिप, काय तयारी करू?

पेठेतला पल्सरवाला

मंडळी नमस्कार. डिसेंबरात चार दिवस सुट्टी जुळून आलीय. मी आणि बायको, बाईकवरून हंपी. आजवर दोघांची मजल पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी, याच्या पुढं नाही. गाडी रोज गोकुळ शिरगावला शिफ्टला जाते, तक्रार काही नाही.

प्लॅन असा: पहाटे चारला कावळा नाका सोडायचा, हायवेनं निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, तिथून गदग-कोप्पळ करत हंपीजवळचं होस्पेट. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतंय. दुपारी दोनला रूमवर. मधले दोन दिवस हंपी, चौथ्या दिवशी त्याच रस्त्यानं घरी. आई म्हणते, हरिप्रिया एक्स्प्रेस होस्पेटला थांबते की, मग बाईक कशाला? बायकोचं म्हणणं एवढंच, की पाठीचा त्रास व्हायला नको.

गाडीचं काय काय करून घेऊ आणि सामान कसं बांधू?

हवा_चेक

भावा, प्लॅन नाद खुळा हाय. पहाटे चारचं तेवढं सोड, त्यावर कोणतरी लिहिलच. मी गाडीचं सांगतो.

सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करू नको. आठ-दहा दिवस आधी कर आणि त्याच गाडीवर शिफ्टला जात राहा. मिस्त्रीनं काय सैल सोडलं असंल तर ते शिरगावच्या रस्त्यावर कळू दे, कोप्पळच्या पुढं नको.

चेनसेटचे दात टोकदार झाले असतील तर बदलूनच टाक. चेन ताणताना एक बघ. दोघं नि सामान बसलं की मागचा शॉकअप दबतो आणि चेन अजून ताणते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन लोडवर टाइट होती. तेव्हा दोघं गाडीवर बसा आणि मग मिस्त्रीला ढिलाई बघायला सांग. त्याच टायमाला शॉकअपच्या खाचा पान्यानं एक-दोन घर कडक करून घे.

हवा पल्सरला पुढं २५, मागं एकट्याला २८ आणि दोघांना ३२. पंपावरचा पोरगा विचारत न्हाई, अंदाजानं मारतो. टायर गार असताना भर, म्हंजे निघताना, पन्नास किलोमीटर पळवल्यावर न्हवं.

आणि हेडलाइट! मागं वजन बसलं की गाडीचं तोंड वर होतंय. लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात, आणि तुझ्या चाकापुढं अंधार. दोघं बसून भिंतीवर उजेड बघ नि खाली कर.

जादा क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, टायर ट्यूबलेस असंल तर पंक्चर किट आणि छोटा पंप. बास. अख्खं गॅरेज उचलून नेऊ नको, हायवेला मिस्त्री मिळतोय.

मागची_सीट

चार दिवसांचा प्लॅन वाचला. त्यात बायकोसाठी एकच ओळ आहे, तीही तिचीच. राग मानू नका, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच ओळीत आहे.

मी मागं बसणारी. चालवतो नवरा. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, त्याला खड्डा आधी दिसतो, तो अंग आवरून घेतो. मला खड्डा कळतो तो थेट कमरेत. वारा त्याला लागतो, झोप मला येते. म्हणून वेग किती, थांबायचं कुठं, दिवसाला किती किलोमीटर, हे सगळं मागच्या माणसाच्या हिशेबानं ठरवायचं. "अजून पन्नास मारू, मग चहा" म्हणणाऱ्याला ते पन्नास काहीच नसतात. आमच्यात ठरलेलं आहे: कधी थांबायचं ते मी सांगणार आणि कारण विचारायचं नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. हेल्मेटमधून ओरडून काही ऐकू जात नाही, नुसती भांडणं होतात.

आता सामान. सॅक तिच्या पाठीवर देऊ नका. सगळे देतात, आणि तासाभरात खांदे भरून येतात; शिवाय ब्रेक मारला की ती सॅक तिला तुमच्या अंगावर ढकलते, हेल्मेटवर हेल्मेट आपटतं. कपडे दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगमध्ये, वजन दोन्हीकडं सारखं, जड वस्तू तळाला. सायलेन्सरच्या बाजूची बॅग त्याला टेकते का, ते दोघं बसल्यावर बघा. रिकाम्या गाडीवर चार बोटं अंतर दिसतं ते बसल्यावर उरत नाही. मागं कॅरिअरवर एक मऊ बॅग आडवी बांधली तर कमरेला टेकू होतो. पण आधी तिला ऐसपैस बसू द्या, मग उरलेल्या जागेत बॅग. उलटं नको. बॅगा लागल्यावर पाय टाकून चढणं अवघड होतं, त्याचीही घरासमोर सवय करा. तुम्ही दोन्ही पाय टेकून "चढ" म्हटल्याशिवाय तिनं चढायचं नाही.

पाण्याचं कुणी बोलत नाही, मी बोलते. बाईकवर बायका पाणी पीत नाहीत, कारण पुढं बाथरूम कसं मिळेल याचा भरवसा नसतो. मग दुपारी डोकं धरतं, आणि घरी सांगायचं काय, तर "तिला प्रवास झेपत नाही". मोठे पेट्रोल पंप, मोठी हॉटेलं आधीच बघून ठेवा. टाकी भरलेली असली तरी गाडी आत वळवायची. पाळीच्या तारखा बघून मगच रूम बुक करा, यात लाजण्यासारखं काही नाही.

हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय मार्कचं, तिनं स्वतः घालून बघून घेतलेलं. तुमचं जुनं तिला आणि नवं तुम्हाला, असं करू नका. ओढणी घरी ठेवायची. आणि पॉलिसी काढून वाचा: नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागं बसणारी त्यात धरलेली आहे असं समजून चालू नका.

निघण्याआधी एका रविवारी हेच सगळं सामान लादून, तेच बूट, तेच जॅकेट घालून गगनबावड्याला जाऊन या. जाऊन-येऊन ११० किलोमीटर. घरी आल्यावर तिला विचारा, आज हेच अजून दोनदा करशील का? तुमचा पहिला दिवस म्हणजे तीन गगनबावडे आहेत.

निपाणीकर

वरच्या ताईंशी सहमत. माझं फक्त पहाटे चारबद्दल.

डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. कागलपासून संकेश्वरपर्यंत रात्रभर ऊस चालू असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस मागं हातभर बाहेर आलेला, लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाखाली. ते ऐंशीच्या रस्त्यावर वीसनं चाललेलं असतं आणि तुम्हाला दिसतं तेव्हा ब्रेकला जागा नसते. त्यात तवंदी घाटाकडं धुकं आणि थंडी. उजाडल्यावर निघा, म्हणजे सातला. अंधार पडायच्या आत मुक्कामी. रस्त्याचं काम जिथं चालू आहे तिथं गाड्या अचानक सर्व्हिस रोडला वळवतात, तिथं डाव्या बाजूनं उलटे येणारे दुचाकीवाले धरूनच चाला.

टोलला दुचाकी माफ, डावीकडची मोकळी वाट असते. पेट्रोल कोल्हापुरात टाकी फुल्ल करून येऊ नका, आमच्याकडं, कर्नाटकात, स्वस्त पडतं. हे कागलच्या पोरांना विचारा. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात, पीयूसीची तारीख मात्र बघा.

पेठेतला पल्सरवाला

सगळ्यांचे आभार. ताईंची पोस्ट बायकोनं माझ्या आधी वाचली, आता पुढं काय बोलणार!

नवा प्लॅन तिनंच केलाय. पहिल्या दिवशी सातला निघून बदामीपर्यंतच, अडीचशेच्या आत-बाहेर. संध्याकाळी लेणी आणि तळं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टदकल बघून हंपी. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हंपी आणि मुक्कामाला हुबळी, म्हणजे चौथ्या दिवशी घरी यायला दोनशेच उरतात. येत्या रविवारी गगनबावडा. शॉकअप एक घर कडक करून आणला, चेन दोघं बसून बघितली. मिस्त्री हसला, पण ढिली करून दिली.

एकच राहिलं. हंपीत दिवसभर फिरताना हेल्मेट, जॅकेट कुठं ठेवायची?

मागची_सीट

रूमवर जॅकेट ठेवून जा, आतली ठिकाणं जवळजवळ आहेत, हळू चालवा. हेल्मेट मात्र दोघांनी घालायचंच. सायकलला लावतात तसली नंबरची केबल घ्या आणि दोन्ही हेल्मेटच्या हनुवटीच्या भागातून ओवून गाडीला अडकवा. पट्ट्यातून ओवली तर पट्टा कापून नेता येतो. विठ्ठल मंदिराकडं गाडी अलीकडंच लावावी लागते, पुढं बॅटरीची गाडी किंवा पायी. टोपी, पाणी आणि भडंगाचा पुडा तेवढा हातात ठेवा.